राखीव गोलकीपरचा गुडघा

"काका, काम झालं! एक नंबरचा गोलकीपर गेला. गुडघा. लिगामेंट फाटलंय म्हणं, ह्या सीझनला काय तो उठत न्हाई."

२०२१ सालचा नोव्हेंबर असावा. पुतण्या पुण्याच्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसूनच करत होता. सकाळी चहाच्या वेळी तो मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला, तो हे ओरडतच. मला वाटलं, समोरच्या पेठेच्या संघातला कुणीतरी पडला. तसं नव्हतं. जायबंदी झालेला गोलकीपर बेल्जियमच्या लीगमधला होता आणि पुतण्याकडे त्याच संघाच्या राखीव गोलकीपरचं 'कार्ड' होतं. कार्ड म्हणजे कागदाचं नव्हे. खऱ्या खेळाडूच्या फोटोचं डिजिटल कार्ड, मोजक्याच प्रती काढलेलं, मालकीची नोंद ब्लॉकचेनवर. असे पाच खेळाडू जमवून दर आठवड्याला संघ लावायचा. ते तिकडे खऱ्या मैदानावर जसे खेळतील तसे इकडे गुण. बाकावर बसून राहिलेल्याला शून्य, म्हणून राखीव गोलकीपरचं कार्ड म्हणजे रद्दी. पण पहिल्याचा गुडघा गेला की राखीव मैदानात उतरणार, आणि रद्दीचं सोनं होणार. रातोरात भाव तिप्पट झाला होता.

"मॅच बघितलीस?" मी विचारलं.

"कुठली?" तो म्हणाला.

त्या 'कुठली?'पाशी मी बरेच दिवस अडून बसलो. मला राग आला होता, पण तो राग चोख नव्हता. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत माझी चाळीस वर्षं गेली. विरोधी संघाचा फॉरवर्ड लंगडत बाहेर जाताना हलगीचा ठेका वाढवणाऱ्यांत मीही होतो. मग पोराला कुठल्या तोंडानं बोलणार? दुसऱ्याच्या दुखापतीचा आनंद दोघांनाही झालेला. तरी माझा आनंद आणि त्याचा आनंद एक नाही, असं आतून वाटत राहिलं. का वाटतं, ते मात्र सांगता येईना. ते शोधायला फार मागं जावं लागलं.

सुरुवात आण्णांपासून. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर होते आणि तरुणपणी पेठेच्या संघात बॅक खेळलेले. "मैदानात राजकारण आणायचं न्हाई" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नगरसेवक गॅलरीत हार घालून घ्यायला आला की ते तोंड फिरवत. पण हेच आण्णा, ज्या आठवड्यात समोरच्या पेठेशी सामना असेल त्या आठवड्यात शेजारच्या साच्यावर काम करणाऱ्या त्या पेठेतल्या दोस्ताबरोबर डबा खात नसत. सामना झाला, हरोत की जिंकोत, दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा एका बाकड्यावर. याला कोल्हापुरात ईर्ष्या म्हणतात. शब्दकोशात ईर्ष्येचा अर्थ मत्सर असा दिलेला असतो, पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावं घेतली की तो अर्थ तोकडा पडतो. 'ईर्ष्येचा सामना' हे आमच्याकडे कौतुक आहे. मत्सर कुणाचाही, कुठूनही करता येतो. ईर्ष्येला मात्र समोर कुणीतरी उभा लागतो, आणि तो पुढच्या वर्षीही तिथंच उभा असावा लागतो.

हे सगळं आज सुचतंय. तेव्हा मी फक्त आण्णांचं वाक्य पाठ केलं होतं: खेळ वेगळा, राजकारण वेगळं.

त्याला पहिला तडा गेला २२ जून १९८६ च्या रात्री. मेक्सिकोत भर दुपार, आपल्याकडे साडेअकरा. गल्लीतल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर चाळीसेक माणसं. आम्ही सगळे अर्जेंटिनाचे, कारण मॅराडोना. उत्तरार्धात त्यानं आधी हातानं गोल केला, तो रेफ्रीला दिसला नाही, आणि चार मिनिटांनी अर्ध्या मैदानातून इंग्लंडची रांगच्या रांग मागं टाकत दुसरा केला. ओरडा थांबल्यावर आण्णांचे एक मित्र, लष्करातून निवृत्त झालेले, हळूच म्हणाले, "चार वर्षांमागं ह्या दोघांची लढाई झालीय. बेटांवरनं." फॉकलंड हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. १९८२ च्या त्या लढाईत अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले होते. सामन्याआधी मॅराडोना सगळ्यांना सांगत होता की फुटबॉलचा युद्धाशी संबंध नाही. पुढं आत्मचरित्रात त्यानं कबूल केलं की मनात सूडच होता. तेरा वर्षांच्या मला ही माहिती भयंकर आवडली. गोल आणखी मोठा झाला.

कॉलेजात गेल्यावर मी दुसऱ्या टोकाला पोचलो. मॉस्कोचा डायनॅमो संघ १९४५ साली ब्रिटनच्या दौऱ्यावर येऊन गेला, आणि त्यानंतर जॉर्ज ऑर्वेलनं एक छोटा निबंध लिहिला. खेळानं राष्ट्रं जवळ येतात ही समजूत भाबडी आहे, आंतरराष्ट्रीय सामने म्हणजे बंदुकांशिवायची लढाई, असा त्याचा रोख. त्या वयात असं काही वाचलं की माणूस शहाणा झाल्यासारखा वागतो. मी आण्णांना भोळे ठरवलं आणि पुरावा म्हणून १९६९ चं 'फुटबॉल युद्ध' सांगत सुटलो. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत होंडुरास आणि एल साल्वाडोर समोरासमोर आले. पहिला सामना होंडुरासनं घेतला, दुसरा साल्वाडोरनं. दोन्ही ठिकाणी पाहुण्या खेळाडूंना रात्रभर हॉटेलबाहेर गोंगाट करून झोपू दिलं नाही. तिसरा, निर्णायक सामना २७ जूनला मेक्सिको सिटीत झाला, जादा वेळेत साल्वाडोर ३–२ नं जिंकला, आणि १४ जुलैला त्याचं सैन्य होंडुरासमध्ये घुसलं. शंभर तासांची लढाई. कसा बिनतोड पुरावा!

आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमिनीचं काय भांडण हुतं?"

मला ठाऊक नव्हतं. शोधलं तर खरोखरच जमिनीचं होतं. एल साल्वाडोर चिमुकला आणि दाटीचा, चांगली जमीन मूठभर घराण्यांच्या हातात. होंडुरास त्याच्या पाचपट. भूमिहीन साल्वाडोरी शेतकरी वर्षानुवर्षं सीमा ओलांडून तिकडे कसत होते, त्यांची संख्या तीन लाखांच्या घरात गेली होती. होंडुरासनं जमीन सुधारणा करायचं ठरवलं तेव्हा बड्या कंपन्यांच्या केळीच्या बागांना हात लावण्यापेक्षा या परक्या कुळांना हाकलणं सोपं होतं. हाकललेल्यांचे तांडे सामन्यांच्या त्याच आठवड्यांत सीमेवरून परतत होते. सामने झाले नसते तरी लढाई झाली असती, फक्त तिला एवढं लक्षात राहणारं नाव मिळालं नसतं. ज्या विश्वचषकासाठी हे सगळं घडलं म्हणतात, त्यात साल्वाडोर तिन्ही सामने हरलं आणि एकही गोल करू शकलं नाही. फाउंड्रीतल्या माणसाला जमिनीचा वास आला आणि माझ्या ऑर्वेलला आला नाही, हे मी बरीच वर्षं विसरलो नाही.

मग मी अशा गोष्टी जमवायचा नादच लावून घेतला. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट आपल्याकडे अभिमानानं सांगतात: प्रशिक्षक रहीमसाहेबांचा फुटबॉल संघ, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २–१, सुवर्णपदक. त्या दिवशी भरलेलं स्टेडियम भारतीय खेळाडूंची हुर्यो का उडवत होतं, हे कमी सांगतात. इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं आणि भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली होती, त्याचा तो राग. २०२३ मध्ये त्याच इंडोनेशियाकडून फिफानं वीस वर्षांखालील विश्वचषकाचं यजमानपद काढून घेतलं, कारण पुन्हा तेच, इस्रायलचा संघ. एकसष्ट वर्षांत कारणही बदललं नाही. आयव्हरी कोस्टचा फुटबॉलपटू ड्रोग्बा याची गोष्ट उलट दिशेची. ८ ऑक्टोबर २००५ ला त्याचा देश पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये त्यानं माईक हातात घेतला आणि सगळा संघ गुडघ्यांवर बसून देशातल्या यादवीतल्या दोन्ही बाजूंना शस्त्रं खाली ठेवा म्हणून विनवू लागला. दोन वर्षांनी बंडखोरांच्या बुआके शहरात राष्ट्रीय संघाचा सामनाही झाला. त्यानं यादवी थांबवली, असं सांगायला छान वाटतं. २०१० च्या निवडणुकीनंतर ती पुन्हा पेटली, हे सोबत सांगावं लागतं.

एवढं सगळं जमवूनही दोन सामने सोडले तर बाकी कशानं मला पुढं नेलं नाही. त्यातला एक सामना झालाच नाही.

२१ नोव्हेंबर १९७३, सांतियागो. दहा आठवड्यांपूर्वी चिलीत लष्करानं सत्ता घेतली होती आणि राजधानीच्या राष्ट्रीय स्टेडियमचा तुरुंग केला होता. हजारो माणसं तिथं डांबली, छळली, काही मारली. त्याच मैदानावर सोव्हिएत संघाशी पात्रता सामना ठरलेला. फिफाचं पथक पाहणीला आलं तेव्हा उरलेल्या कैद्यांना स्टँडखालच्या खोल्यांत आणि बोळांत दडवलं होतं. वर पथकानं हिरवळ पाहिली आणि मैदान ठीक आहे असा निर्वाळा दिला. सोव्हिएतांनी तिथं खेळायला नकार दिला. त्यांना स्वतःच्या छावण्या दिसत नव्हत्या, ते सोडा. ठरल्या वेळी चिलीचे अकरा जण मैदानात आले, रांगेत उभे राहिले, रेफ्रीनं शिट्टी वाजवली. समोर कुणी नाही. खेळाडू एकमेकांना चेंडू देत संथपणे पुढं गेले. ना बॅक, ना गोलकीपर. कर्णधार वाल्देसनं मोकळ्या जाळ्यात चेंडू ढकलला. फलकावर १–०. लोक आलेच आहेत म्हणून नंतर ब्राझीलच्या सँटोस क्लबशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला, त्यात चिली पाच गोलांनी हरलं.

या सामन्याचं चित्रण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. हुकूमशहाला हवा असलेला सामना हाच: सगळं आपलं, समोर कोणी नाही, निकाल पक्का. ऑर्वेलनं ईर्ष्या आणि वैर एकाच पोत्यात घातलं होतं. सांतियागोनं मला ती दोन वेगळी करून दाखवली. ईर्ष्येला समोरचा हरायला हवा असतो. वैराला तो नसायलाच हवा असतो. आणि समोर यायला नकार देणारा? तोही समोरच्याला मोजतच असतो, हे कळायला मला २०२२ पर्यंत थांबावं लागलं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर फिफानं आधी रशियाला झेंड्याशिवाय, त्रयस्थ मैदानावर खेळू द्यायची पळवाट काढली होती. पोलंडनं सांगितलं, कुठल्याही नावानं आले तरी आम्ही खेळणार नाही. दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, रशियावर बंदी आली. ज्या फिफाला चार वर्षांपूर्वी रशियात विश्वचषक भरवताना काही खुपलं नव्हतं, तिला अक्कल शिकवली ती न खेळणाऱ्यांनी.

दुसरा सामना १९६६ चा, इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोचा. उत्तर कोरियाचा संघ विश्वचषकाला आला तेव्हा ब्रिटननं त्या देशाला मान्यताही दिलेली नव्हती. त्यांचं राष्ट्रगीत वाजवायला लागू नये म्हणून उद्घाटनाचा आणि अंतिम सामना सोडून कुणाचंच वाजवायचं नाही, अशी पळवाट निघाली. कोरियाची लढाई संपून तेरा वर्षं झाली होती आणि तिथं हजाराहून जास्त ब्रिटिश सैनिक मेले होते. मिडल्सब्रो हे पोलाद कारखान्यांचं, कामगारांचं गाव. हे बुटके, चपळ, लाल जर्सीवाले परके त्या गावाला आवडले. गावाच्या क्लबचा रंगही लालच. १९ जुलैला पाक दू इकच्या गोलनं त्यांनी इटलीला हरवलं आणि तिथल्या एअरसम पार्क मैदानावर लोक आपलीच पोरं जिंकल्यासारखे नाचले. पुढचा सामना लिव्हरपूलला, पोर्तुगालशी. मिडल्सब्रोची माणसं तिथंही गेली. कोरिया तीन गोलांनी पुढं होतं, मग एकट्या युसेबिओनं चार मारले आणि ५–३ असा निकाल लागला. २००२ मध्ये त्या संघातले हयात खेळाडू मिडल्सब्रोला परत आले, तेव्हा गावानं त्यांना ओळखलं. मला उद्यमनगर आठवतं. ढलाईचं काम करणाऱ्यांना परका लवकर आपला होतो की काय कोण जाणे.

आता पुतण्याकडे परत येतो. कारण क्रिप्टो खेळांचा धागा मला या मिडल्सब्रोपाशीच येऊन अडकलेला सापडला, आणि तो अगदी अनपेक्षित होता.

पुतण्याच्या कार्डांच्या त्या दिवसांत सगळीकडेच हे पीक आलं होतं. बार्सिलोनानं २०२० च्या जूनमध्ये 'फॅन टोकन' काढले, दोन तासांच्या आत संपले. टोकनवाल्यांना मिळालेला पहिला मोठा अधिकार म्हणजे ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर कुठलं चित्र काढायचं यावर मत देणं. आमच्या तालमीच्या भिंतीवर काय रंगवायचं यावर कट्ट्यावर जी भांडणं होतात ती फुकट होतात, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मेस्सी पॅरिसला गेला तेव्हा त्याच्या करारातही क्लबचे टोकन होते. कतारच्या विश्वचषकाला क्रिप्टो कंपनी प्रायोजक होती, आणि तो सुरू व्हायला नऊ दिवस असताना एफटीएक्स हे जगातलं एक बडं क्रिप्टो एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. पुतण्याची कार्डं त्याआधीच उतरली होती. राखीव गोलकीपर तीन सामने खेळला, क्लबनं दुसरा विकत आणला, कार्ड पुन्हा रद्दी.

पण मी सांगतोय तो प्रसंग फुटबॉलचा नाही. व्हिएतनामच्या स्काय मॅव्हिस कंपनीचा 'ॲक्सी इन्फिनिटी' नावाचा खेळ. गोलमटोल कार्टून प्राणी एकमेकांशी लढवायचे आणि त्यातून क्रिप्टो नाणी मिळवायची. कोविडच्या दिवसांत फिलिपिन्समध्ये काम गेलेली माणसं यावर घर चालवू लागली. प्राणी विकत घ्यायला पैसे नसतील तर दुसऱ्याचे प्राणी खेळवायचे आणि कमाईत वाटा द्यायचा. आपल्याकडे याला अर्धेली म्हणतात. तिकडे त्याला 'स्कॉलरशिप' हे गोंडस नाव होतं. हरणाऱ्याला पुढच्या वर्षी बघून घेतो म्हणायची सोयच नव्हती, कारण समोरच्याला कुणी ओळखत नव्हतं. कालांतरानं नाण्याचा भाव मातीमोल झाला. आणि २३ मार्च २०२२ ला या खेळाच्या तिजोरीतून १,७३,६०० इथर आणि अडीच कोटी डॉलर किमतीची दुसरी नाणी गेली, मिळून ६२ कोटी डॉलरच्या घरात. चोरी उघडकीला यायला सहा दिवस लागले. एका गिऱ्हाइकाला पैसे काढता येईनात, तेव्हा. हजारो माणसं त्या सहा दिवसांत रिकाम्या तिजोरीवर खेळत होती. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं जाहीर केलं की हे काम उत्तर कोरियाच्या सरकारी हॅकर टोळीचं, लाझारसचं. अशा चोऱ्यांचा पैसा अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रांकडे जातो, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचे अहवाल सांगत आले आहेत. आपल्याकडच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजमधून २०२४ च्या जुलैत गेलेल्या सुमारे २३ कोटी डॉलरबद्दलही अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं पुढच्या जानेवारीत उत्तर कोरियाकडेच बोट दाखवलं.

म्हणजे मनिलातल्या कुणा रिक्षावाल्यानं रात्री जागून खेळवलेल्या कार्टून प्राण्यांमागची तिजोरी क्षेपणास्त्राच्या कामी आली. ज्या राजवटीच्या अकरा पोरांनी एका मैदानावर परक्या गावाचं मन जिंकलं, तिनंच मैदान नसलेल्या खेळातून तिजोरी नेली. मैदान नव्हतं म्हणून ते जमलंही. एअरसम पार्कवर पाक दू इकला लोकांसमोर यावं लागलं होतं. लाझारसला कुणाच्याच समोर यावं लागलं नाही.

हे मी पुतण्याला ऐकवलं, जरा विजयी मुद्रेनं. तो म्हणाला, "काका, युक्रेनच्या सरकारनं पण ट्विटरवर पत्ता टाकून क्रिप्टोत देणग्या घेतल्याच की. लोकांनी कोट्यवधी डॉलर दिले. आणि तुमचा फिफा काय सोन्यासारखा हाय व्हय?" मुद्दा खरा होता. नाणं कुठल्याही खिशात जातं. माझी तक्रार नाण्याबद्दल नाही, त्या 'कुठली?'बद्दल आहे, हे मला त्याच्याशी भांडतानाच कळलं. भाव या एका शब्दात मराठीनं जीव लावणं आणि किंमत लावणं दोन्ही ठेवलंय. दोन्ही एकाच वेळी एकाच माणसावर करता येतात का, याबद्दल मात्र भाषा गप्प आहे. मी ज्या फॉरवर्डच्या लंगडण्यावर हलगी वाजवली त्याचं नाव, त्याची गल्ली, त्याच्या बापाचं दुकान मला ठाऊक होतं. माझा तो आनंद हलकटच होता, पण त्याला एक चेहरा होता, आणि तो चेहरा दुसऱ्या दिवशी मला मिसळीच्या गाड्यावर भेटत होता. बेल्जियमच्या गोलकीपरचा चेहरा पुतण्याच्या कार्डावर नव्हताच. कार्डावर होता तो राखीवाचा.

पुतण्यानं कार्डं विकली. मी काही सांगितलं म्हणून नव्हे, भाव पडला म्हणून. यंदा बऱ्याच वर्षांनी तो माझ्याबरोबर शाहू स्टेडियमला आला. ईर्ष्येचा सामना, पोलीस बंदोबस्त, उन्हानं तापलेल्या पायऱ्या, खालच्या गॅलरीतून येणाऱ्या शिव्या छापण्याजोग्या नाहीत. उत्तरार्धात आमच्या फॉरवर्डनं उंच आलेल्या चेंडूवर उडी घेतली आणि त्यांच्या गोलकीपरवर आदळला. गोलकीपर पडला तो गुडघा धरून. आमच्या बाजूला एकच जल्लोष. त्यांच्या बाजूनं पाण्याच्या बाटल्या. मीही उभा राहून काहीतरी ओरडलो असणार.

पुतण्या टाचा उंचावून पुढच्यांच्या डोक्यांवरून बघत होता. "उठतोय का?" त्यानं मला विचारलं.

डॉक्टर आत धावला होता. काही दिसेना. मग माणसं बाजूला झाली. गोलकीपरनं एका हातानं खांब धरला, उभा राहिला, पाय झटकला.

"उठला," मी म्हणालो.

"उठला व्हय?" पुतण्या खाली बसला, आणि लगेच पुन्हा उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "आता घाला की ह्याच्या उजव्या बाजूनं!"